हार नसलेली तसबीर : हरवलेल्या माणसांची चित्रे आणि समाजाची जबाबदारी



मराठवाड्यातील खेड्यात कोणाच्याही घरी गेले, तरी बैठकीच्या भिंतीवर दोन-चार तसबिरी दिसतात. देवादिकांच्या तसबिरींशेजारी घरातील वडीलधाऱ्यांच्या तसबिरी असतात. त्यांपैकी काहींना हार घातलेला असतो, काचेवर गंधाचा टिळा असतो. तो हार पाहिला म्हणजे पाहुण्यास काही विचारावे लागत नाही. ही व्यक्ती आता नाही, हे भिंतच सांगते.

परंतु काही घरांत अशीही एखादी तसबीर असते की, जिला हार नाही आणि जिच्याविषयी घरातील माणसे सहसा बोलतही नाहीत. कामासाठी म्हणून गेलेला मुलगा परत आलेला नसतो. यात्रेच्या गर्दीत आजीचा हात सुटलेला असतो. मनाचा तोल गेलेला भाऊ एके दिवशी रेल्वेत बसून निघून गेलेला असतो. हार घालावा, तर आशा सोडल्यासारखे होते. तसबीर उतरवून ठेवावी, तर माणूस विसरल्यासारखे होते. म्हणून ती तशीच राहते, काचेवर धूळ बसू न देता रोज पुसली जाते.

बेपत्ता झालेल्या माणसाच्या चित्राचा विचार येथूनच सुरू करावा लागतो. मृताचे चित्र हे स्मारक होय. हरवलेल्याचे चित्र हे स्मारकही असते आणि शोधाचे साधनही असते. या दोन कामांची गल्लत झाली, तर कुटुंबाच्या दुःखात भर पडते आणि शोधही थंडावतो. म्हणून असे चित्र कोणी, कसे आणि कोणत्या हेतूने काढावे, याचा विचार कलावंताइतकाच शिक्षकाने, पंचायत सदस्याने आणि अधिकाऱ्यानेही करणे अगत्याचे आहे.

जांबची परंपरा

जालना जिल्ह्याला ही वेदना अपरिचित नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान. १६०८ साली तेथील ठोसर घराण्यात जन्मलेला नारायण वयाच्या बाराव्या वर्षी बोहल्यावरून निघून गेला, ही कथा महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ‘सावधान’ हा शब्द ऐकून तो सावध झाला, येथपर्यंतचा भाग उत्साहाने सांगितला जातो. कथेच्या उत्तरार्धाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. परंपरा सांगते की, बारा वर्षे नाशिकजवळील टाकळीस तपश्चर्या आणि त्यानंतर बारा वर्षे तीर्थाटन करून समर्थ जांबेस परतले, तेव्हा मातोश्री राणूबाईंची दृष्टी गेलेली होती.

चोवीस वर्षांच्या प्रतीक्षेत त्या माउलीजवळ पुत्राचे चित्र नव्हते. तिच्याजवळ बारा वर्षांच्या मुलाचा आठवणीतला चेहरा होता आणि दारात उभा राहिलेला पुरुष छत्तिशीचा होता. हरवलेल्या माणसाचे चित्र काढणाऱ्यापुढील मुख्य अडचण या एका प्रसंगात आहे. घरची माणसे जो चेहरा सांगतात, तो निघून गेलेल्या दिवसाचा असतो. काळ मात्र त्या चेहऱ्यावर आपले काम करीतच असतो.

टाक आणि पळसाचा पुतळा

आपल्या समाजात गेलेल्या माणसाला रूप देण्याच्या रीती छायाचित्रणाच्या कितीतरी आधीच्या आहेत. देवघरातील चांदीचे टाक सर्वांच्या परिचयाचे आहेत. कुलदैवतांच्या टाकांबरोबर अनेक घराण्यांत पूर्वजांचेही टाक पूजेत असतात. सोनार पातळ पत्र्यावर ठशाने ही आकृती उठवितो. त्यात नाकाडोळ्यांचे साम्य शोधू नये. टाकावरील पुरुष हा अमुक एक पुरुष नसून घराण्यातील गेलेला पुरुष असतो. व्यक्ती कोण, हे टाक सांगत नाही. ते घरातील आजी सांगते, आणि आजीबरोबर ती माहितीही पुष्कळदा जाते. गावाच्या वेशीवर उभ्या असणाऱ्या वीरगळांचेही तेच आहे. दगडावरील योद्धा आपण आजही पाहतो, परंतु त्याचे नाव बहुतेक ठिकाणी गावाला सांगता येत नाही.

ज्याचा देह सापडला नाही, अशा माणसाचाही विचार परंपरेने केलेला आहे. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ‘पालाशविधी’ सांगितला आहे. परदेशी गेलेल्या माणसाची वार्ताच लागली नाही, तर ठराविक वर्षे वाट पाहावी, आणि नंतर पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्यावर अंत्यसंस्कार करावेत, असा तो विधी होय. मस्तकासाठी किती देठ, बाहूंसाठी किती, याचीही गणती दिलेली आहे. बारा वर्षे वाट पाहण्याची लोकरूढी सर्वपरिचित आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या विधीची चर्चा केली आहे.

या विधीतील एक तरतूद विशेष विचार करण्याजोगी आहे. पुतळ्याचे दहन झाल्यानंतर तो माणूस जिवंत परत आला तर काय करावे, हेही ग्रंथकारांनी सांगून ठेवले आहे. त्याच्यावर जातकर्मापासूनचे संस्कार नव्याने करावेत, त्याने आपल्या पत्नीशी पुन्हा विवाह करावा आणि संसाराला लागावे, अशी ती व्यवस्था आहे. म्हणजे समाजाने ज्याला मृत मानले, त्याच्याकरिताही परतीचे दार बंद केलेले नव्हते. हरवलेल्यांचे चित्र काढताना आजही हीच वृत्ती मार्गदर्शक ठरावी.

कायद्याची सात वर्षे, कुटुंबाचा रोजचा दिवस

आधुनिक कायद्यानेही प्रतीक्षेची मुदत ठरविली आहे. एखादी व्यक्ती जिवंत असती, तर ज्यांना स्वाभाविकपणे तिची खबर लागली असती, अशांना सात वर्षे तिची काहीही वार्ता नसेल, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर येते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या १०८ व्या कलमात असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या १११ व्या कलमात कायम ठेवण्यात आली आहे.

ही सात वर्षे कुटुंबाला फार कठीण जातात. सातबाऱ्यावरील नाव बदलता येत नाही, विम्याची रक्कम मिळत नाही. पत्नीला विधवा म्हणून मिळणारे साहाय्य मागता येत नाही आणि सौभाग्यवती म्हणून वावरताना लोकांच्या नजरा चुकवाव्या लागतात. हळदीकुंकवाला तिला बोलवावे की नाही, याचा निर्णय शेजारणींना करता येत नाही. अशा घरात कोणी सद्भावनेने का होईना, हार घातलेली तसबीर आणून दिली, तर त्या स्त्रीच्या वतीने एक निर्णय परस्पर घेतल्यासारखे होते. तो निर्णय घेण्याचा अधिकार चित्रकाराचा नाही, पाहुण्यांचा नाही आणि गावाचाही नाही.

आपत्तीमध्ये हरवलेल्यांचा प्रश्न आणखी वेगळा असतो. रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. शोधकार्य थांबविण्यात आले, तेव्हा ५७ व्यक्ती बेपत्ता होत्या. अशा प्रसंगी घरच त्या दरडीखाली गेलेले असल्याने भिंतीवरील तसबीर, विवाहातील छायाचित्रे, शाळेचे प्रगतिपुस्तक, सारेच मातीत जाते. माणसाबरोबर त्याचा चेहराही नाहीसा होतो. मागे राहिलेल्यांना चेहरा परत मिळवून देणे, एवढीच सेवा तेथे कलेच्या हाती उरते आणि ती लहान नव्हे.

उभ्या राहिलेल्या आकृती

हरवलेल्यांची चित्रे एका संपूर्ण राष्ट्राच्या सदसद्विवेकाचा विषय कशी झाली, याचे उदाहरण दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात आढळते. तेथे मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता हाती घेतल्यानंतर हजारो माणसे नाहीशी करण्यात आली. ३० एप्रिल १९७७ रोजी ब्यूनस आयर्स येथील मे चौकात काही माता आपल्या मुलांचा ठावठिकाणा विचारण्यासाठी एकत्र जमल्या. पुढे त्या दर आठवड्यास जमू लागल्या. मुलांची छायाचित्रे हाती धरून त्या चौकात फेऱ्या घालीत.

२१ सप्टेंबर १९८३ रोजी तीन कलावंतांनी या मातांच्या सहकार्याने एक उपक्रम योजिला. मोठा कागद जमिनीवर पसरावयाचा, त्यावर एखाद्या माणसाने आडवे व्हावयाचे आणि दुसऱ्याने त्याच्या देहाभोवती रेषा आखावयाची. अशा रीतीने पूर्णाकृती छायाकृती तयार झाल्या. चौकात आलेल्या सामान्य नागरिकांनीच त्या केल्या. या छायाकृती जमिनीवर न ठेवता भिंतींवर, झाडांवर, खांबांवर उभ्या लावाव्यात, असा मातांचा आग्रह होता. आडवी आकृती मृताची वाटते आणि आपली मुले मृत आहेत हे मान्य करण्यास त्या तयार नव्हत्या. भाषा वेगळी, देश वेगळा, परंतु आपल्याकडील हार न घातलेल्या तसबिरीमागील भावना आणि त्या मातांचा आग्रह एकच होता.

भारतातही असा प्रयत्न झाला आहे. कोलकात्याच्या छायाचित्रकार लीना केजरीवाल यांनी देहविक्रयासाठी पळविल्या जाणाऱ्या मुलींकडे लक्ष वेधण्यासाठी २०१४ साली काळ्या छायाकृतींचा प्रकल्प हाती घेतला. मुलीच्या आकाराची, आत काहीही तपशील नसलेली काळी आकृती मोकळ्या आकाशासमोर उभी केली म्हणजे आकाशालाच मुलीच्या आकाराचे भोक पडल्यासारखे दिसते. पुढे हीच आकृती ठशाच्या साहाय्याने अनेक शहरांच्या भिंतींवर रंगविण्यात आली.

या दोन्ही उपक्रमांतून समाजाचे लक्ष वेधले गेले. परंतु रेल्वे स्थानकावर एकटीच बसलेली मुलगी कोण आहे, हे ओळखावयाचे तर छायाकृती पुरत नाही. तेथे विशिष्ट व्यक्तीचा खरा चेहराच हवा.

शब्दांतून चेहरा

चेहऱ्याचे पद्धतशीर वर्णन करून माणूस ओळखण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या पोलीस खात्यातील आल्फोन्स बर्तियों यांनी घालून दिली. कपाळ, नाक, कान, हनुवटी अशा प्रत्येक अवयवाचे प्रकार ठरवून त्यांनी वर्णनाची जणू परिभाषाच तयार केली. या पद्धतीला ‘बोलके चित्र’ अशा अर्थाचे नाव मिळाले. पुढे चेहऱ्याचे सुटे भाग जुळवून चित्र तयार करण्याचे संच आले आणि आता हे काम संगणकावरही होते. तरीही समोर बसलेल्या माणसाचे ऐकत-ऐकत पेन्सिलीने चेहरा उभा करणाऱ्या चित्रकाराचे महत्त्व कमी झालेले नाही.

मुंबईतील नितीन यादव हे चित्रकला शिक्षक. पोलिसांना अनेक वर्षे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता त्यांनी साक्षीदारांच्या वर्णनावरून रेखाचित्रे काढून दिली. २०१३ सालच्या शक्ती मिल प्रकरणातील त्यांची रेखाचित्रे सर्वत्र चर्चिली गेली. गुन्हेगाराचा चेहरा आणि हरवलेल्या मुलाचा चेहरा यांत वर्णन करणाऱ्याची मनःस्थिती वेगळी असते, परंतु कौशल्य एकच लागते. विशेष हे की, हे कौशल्य एका शाळेतील चित्रकला शिक्षकाच्या हातात होते. एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांसाठी मुलांची तयारी करून घेणारे असे शिक्षक जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत आहेत.

आता एक शंका स्वाभाविकपणे निघेल. आज प्रत्येक हातात कॅमेरा असलेला मोबाईल असताना अशा चित्राची गरज काय? गरज आहे, आणि ती ज्यांना सर्वाधिक आहे, तीच माणसे छायाचित्रांत सर्वांत कमी आढळतात. दसरा-दिवाळीनंतर अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून ऊसतोडीसाठी टोळ्या बाहेर पडतात. फडावरच्या कोपीत वाढणाऱ्या लहान मुलाचे अलीकडचे छायाचित्र घरात असेलच, असे नाही. वृद्ध स्त्रीचे छायाचित्र आधार कार्डावरील, तेही पुसट. मनोरुग्णाचे छायाचित्र तो बरा असतानाचे. शिवाय मोबाईलमधील छायाचित्रे पुष्कळदा चेहरा गोरा व गुळगुळीत करून काढलेली असतात. गालावरचा व्रण, कपाळावरचे गोंदण, म्हणजे ओळखीची जी खरी खूण, तीच त्यात नाहीशी झालेली असते.

म्हणून वर्णनावरून चित्र काढताना काही पथ्ये पाळावी लागतात. प्रथम सांगणाऱ्यास मध्ये न अडविता सर्व सांगू द्यावे. ‘नाक सरळ होते ना?’ असा प्रश्न विचारू नये, कारण दुःखी माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘नाक कसे होते?’ एवढेच विचारावे. आई, भाऊ, शेजारी यांना शक्यतो वेगवेगळे बसवावे आणि त्यांच्या सांगण्यात फरक आढळला, तर तो तसाच नोंदवावा. भावंडांचे चेहरे पाहून घ्यावेत. तीळ, व्रण, दातांची ठेवण, भाजल्याची खूण, हातावर गोंदलेले नाव यांची नोंद चित्राखाली शब्दांतही करावी.

ओळखीच्या माणसाचा चेहरा आपण प्रामुख्याने डोळे, नाक, तोंड या आतल्या भागांवरून ओळखतो. अनोळखी माणसाचा चेहरा मात्र केस आणि चेहऱ्याची ठेवण अशा बाहेरच्या भागांवरून लक्षात ठेवतो, असे मानसशास्त्रीय प्रयोगांत आढळून आले आहे. हरवलेल्या माणसाला शोधणारे लोक अनोळखीच असतात. यास्तव टोपी वा फेटा घातलेले एक आणि उघड्या डोक्याचे एक, वाढलेल्या दाढीचे एक आणि दाढीविना एक, अशी दोन-तीन चित्रे काढणे उपयोगी ठरते.

मूल हरवून बरीच वर्षे झाली असतील, तर त्याचा आजचा चेहरा अंदाजाने काढावा लागतो. वाढीबरोबर जबडा आणि नाक लांबतात, चेहऱ्याचा खालचा भाग मोठा होतो. आईवडिलांची त्या वयातील छायाचित्रे मिळाली, तर अंदाज अधिक नेमका होतो. मात्र अशा चित्राखाली ‘अंदाजे चित्र’ हे शब्द आणि चित्र काढल्याची तारीख स्पष्ट लिहिली पाहिजे. अंदाजाला वस्तुस्थितीचे रूप देणे ही कुटुंबाची व पोलिसांची, दोघांचीही दिशाभूल होय. संगणकाकडून क्षणात देखणे चित्र करून घेण्याच्या आजच्या दिवसांत तर ही काळजी अधिकच घेतली पाहिजे. हरवलेल्या मुलीचे चित्र सुंदर असण्यापेक्षा तिचे असणे आवश्यक आहे.

बेवारस मृतदेहाची ओळख पटविताना मृतावस्थेतील छायाचित्र प्रसिद्ध करण्याचा प्रघात आहे. त्या छायाचित्रावरून डोळे उघडे असलेला, जिवंतपणीचा चेहरा रेखाटून तो प्रसिद्ध केला, तर नातेवाईक अधिक सहजपणे ओळखू शकतात आणि मृताचा मानही राखला जातो.

शेजारच्या जिल्ह्यातील एक शोध

चेहऱ्यापलीकडच्या तपशिलांचे मोल किती असते, हे ‘गीता’ या नावाने देशभर परिचित झालेल्या मुलीच्या हकीकतीवरून दिसते. ऐकू न येणारी व बोलता न येणारी ही मुलगी लहानपणी वाट चुकून पाकिस्तानात पोहोचली. कराचीतील एधी संस्थेने तिचा सांभाळ केला आणि ‘गीता’ हे नावही तेथेच मिळाले. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली, परंतु तिचे घर कोठे आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अनेक कुटुंबांनी तिच्यावर हक्क सांगितला. तिच्या मनात मात्र एक चित्र होते. रेल्वे स्थानक, जवळच नदी, उसाची शेते, मंदिर. खुणांच्या भाषेत ती हे चित्र पुन्हा पुन्हा सांगत राहिली. त्या धाग्याने शोध मराठवाड्यापर्यंत आला आणि जालना जिल्ह्याला लागून असलेल्या परभणी जिल्ह्यात तिची आई सापडल्याचे २०२१ साली जाहीर झाले. आईने सांगितलेली अंगावरील भाजल्याची खूण त्या वेळी महत्त्वाची ठरली.

या हकीकतीत दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, हरवलेला माणूसही आपल्या घराचे चित्र मनात बाळगीत असतो. निवारागृहातील मुलाला कागद व रंगीत खडू देऊन ‘तुझे घर काढ’ असे सांगणे, हा शोधाचा एक मार्ग होऊ शकतो. त्याने काढलेली पाण्याची टाकी, देवळाचा कळस, पुलाचा आकार यांतून गाव ओळखता येते. दुसरी गोष्ट ही की, वर्षे कितीही लोटली, तरी भेट अशक्य ठरत नाही. हार घालण्याची घाई का करू नये, याचे याहून चांगले उत्तर नाही.

जिल्ह्यात काय करता येईल

जालना हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेला जिल्हा. बियाणे आणि पोलाद या दोन उद्योगांनी तो देशाला परिचित आहे. पोलादाच्या कारखान्यांत परप्रांतांतून मजूर येतात, तर जिल्ह्यातील माणसे ऊसतोडीस व मोठ्या शहरांकडे जातात. १९०० साली सुरू झालेला हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेमार्ग जालन्यावरूनच जातो. तात्पर्य, येथून माणसे हरवतात तशीच इतरत्र हरवलेली माणसे येथे येऊनही पोहोचतात. म्हणून जबाबदारी दुहेरी आहे.

पहिले कर्तव्य तक्रार नोंदविण्याचे. ‘चोवीस तास थांबा’ असा कोणताही नियम नाही. हरवलेल्या प्रत्येक बालकाच्या बाबतीत अपहरण किंवा अपव्यापार झाला असल्याचे गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजीच्या निर्णयात स्पष्ट केले आहे. ११२ हा पोलिसांचा आणि १०९८ हा बालकांच्या साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर कायम लिहिलेला असावा. पोलीस पाटलाने कुटुंबाबरोबर ठाण्यापर्यंत जावे. एकट्या स्त्रीला तेथे बोलते करणे अवघड असते.

दुसरे कर्तव्य चेहरा आधीच जतन करण्याचे. टोळी गाव सोडण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे व वृद्धाचे स्वच्छ उजेडातील, समोरून काढलेले एक छायाचित्र घ्यावे आणि ओळखीच्या खुणांसह ते कुटुंबाच्याच ताब्यात राहील, अशी व्यवस्था शाळेने व अंगणवाडीने करावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही. वर्षातून एकदा, हंगामापूर्वी, अर्धा दिवस पुरेसा आहे.

तिसरे कर्तव्य चित्रकला शिक्षकांचे. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन शिक्षकांनी वर्णनावरून चेहरा काढण्याचा सराव केला आणि त्यांची नावे पोलीस ठाण्यास व बाल कल्याण समितीस कळविली, तर ज्यांच्याजवळ छायाचित्र नाही अशा कुटुंबांना आधार मिळेल. सराव सोपा आहे. वर्गातील एका मुलाने आपल्या आजीचे वर्णन करावे, शिक्षकाने चित्र काढावे आणि दुसऱ्या दिवशी आजीलाच शाळेत बोलवावे. चूक कोठे झाली, ते आजी स्वतःच दाखवील.

चौथे कर्तव्य मर्यादा सांभाळण्याचे. बालकाचे चित्र पोलिसांच्या सल्ल्यानेच प्रसिद्ध करावे. अत्याचारास बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. चित्राखाली कुटुंबाचा पत्ता न देता पोलीस ठाण्याचा क्रमांक द्यावा, म्हणजे पैसे उकळणाऱ्यांपासून कुटुंबाचे रक्षण होईल. आणि माणूस सापडला म्हणजे ते चित्र सर्व भिंतींवरून व मोबाईलवरून काढून टाकावे. परत आलेल्या मुलीला आपलाच ‘हरवली आहे’ असा चेहरा बाजारात रोज पाहावा लागणे, ही शिक्षाच होय.

पाचवे कर्तव्य हरवलेल्यांच्या घराशी संबंध न तोडण्याचे. वर्षातून एकदा, माणूस हरवल्याच्या तारखेला, गावातील दोन जबाबदार व्यक्तींनी त्या घरी जावे. ठाण्यातील नोंद अद्याप उघडी आहे का, नवीन माहिती आली का, चित्रातील वय बदलून घ्यावयाचे आहे का, हे विचारावे. पत्नीच्या शिधापत्रिकेचे, मुलांच्या शिक्षणाचे काम अडले असेल, तर तहसील कार्यालयात तिच्याबरोबर जावे. सात वर्षांनंतर न्यायालयात जावयाचे की आणखी वाट पाहावयाची, हा निर्णय कुटुंबाचा. तो घेण्यासाठी लागणारी माहिती मात्र विधी सेवा प्राधिकरणामार्फत विनामूल्य मिळू शकते, हे त्यांना सांगण्याची जबाबदारी गावाची आहे.

चित्राने माणूस परत येतोच असे नाही. पुष्कळ घरांत ती वाट अखेरपर्यंत संपत नाही. तरीही काळजीपूर्वक काढलेले, तारीख घातलेले, खऱ्या खुणा दाखविणारे चित्र घरी पोहोचले म्हणजे त्या कुटुंबाला एक गोष्ट कळते. आपला माणूस केवळ आपल्यालाच आठवतो असे नाही, गावाने आणि शासनानेही त्याची नोंद ठेवली आहे. एवढा विश्वास निर्माण करण्यासाठी लागणारी साधने प्रत्येक शाळेत उपलब्ध आहेत. एक कागद, एक पेन्सिल, आणि सांगणाऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेण्याची तयारी.